बोल्टाच्या पोटातली कोरडी पिन

.303 रायफलीचा बोल्ट हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा भरीव थंडपणा. पोलादाची वीतभर नळी, बाजूला वाकलेली मूठ, मुठीच्या टोकाला गुळगुळीत गोळा आणि मागे बोटांत धरायचा कॉकिंग पीस. बाहेरून दिसतं ते एवढंच. खरं काम करणारा भाग पोटात असतो. तिथे ताठ स्प्रिंगेच्या वेटोळ्यांतून एक सळई गेलेली असते. ब्रिटिश पुस्तिका तिला स्ट्रायकर म्हणतात, आपण सगळे फायरिंग पिन म्हणतो. चाप ओढला की स्प्रिंग मोकळी होते आणि सळईला पुढे फेकते. पिनेचं टोक बोल्टाच्या तोंडातून जेमतेम एक मिलिमीटर बाहेर येतं आणि काडतुसाच्या टोपीवर आपटतं. टोपीतला मसाला चिरडला जातो, ज्वाळा आतल्या दारूपर्यंत पोचते आणि गोळी सेकंदाला सातशे मीटरहून अधिक वेगाने नळीबाहेर पडते.

सगळी मदार त्या मिलिमीटरवर असते. म्हणून साफसफाई करताना पिनेला तेल द्यायचं की नाही, हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पिन काढायची, पुसायची, पुन्हा पुसायची आणि जवळजवळ कोरडी करून आत घालायची.

हे मत मी पुस्तकातून घेतलेलं नाही. कॉलेजात एनसीसीमध्ये होतो, तेव्हा डिसेंबरातल्या एका शिबिरात आम्हाला .22 रायफलीचे पाच राउंड मिळाले होते. वर्षभर वाट पाहून मिळालेले पाच राउंड. आदल्या संध्याकाळी रायफली साफ करताना मी पुलथ्रूच्या दोरीला चिंदी लावून नळी लख्ख केली आणि मग, आपल्या रायफलीचं काही कमी पडू नये म्हणून, तेलाची बाटली बोल्टाच्या मागच्या फटीत उपडी केली. तेल आत गेलं, मला समाधान वाटलं. सकाळी दव पडलं होतं, बोटं आखडली होती. निशाणा धरला, श्वास रोखला, चाप ओढला. टक् असा बोदा आवाज आला आणि पुढे काहीच झालं नाही.

अशा वेळी रायफल हलवायची नाही, नळी निशाण्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण गोळी उशिराही सुटू शकते. मी थांबलो. मग आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी बोल्ट मागे ओढून काडतूस तळहातावर घेतलं. .22 मध्ये पिन टोपीच्या मधोमध नव्हे, काडतुसाच्या काठावर बसते. त्या काठावर नखाने ओरखडा काढावा तशी पुसट खूण होती. शेजारच्या मुलाची रिकामी केस त्यांनी बाजूला ठेवली. तिच्यावर खोल, स्वच्छ चौकट उमटलेली.

"तेल पाजलंस होय रे हिला?" एवढंच ते म्हणाले. दुपारी तंबूत त्यांनी मला समोर बसवून बोल्ट खोलला. आतून जी स्प्रिंग निघाली, तिच्या प्रत्येक वेढ्यात तपकिरी चिखल बसला होता. आधीच्या किती तुकड्यांनी पाजलेलं तेल, मैदानाची धूळ, दारूची काजळी आणि पितळेचा बारीक कीस, सगळं मळून त्याची खळ झाली होती. माझ्या तेलाने ती नुसती ओली झाली आणि थंडीत घट्ट झाली. स्प्रिंगेत जोर असतो तो मोजकाच. त्यातला थोडा जरी चिखल बाजूला सारण्यात खर्च झाला, तर टोपीवर बसणारा घाव तेवढाच हलका होतो. उस्तादांनी स्प्रिंग आणि पिन रॉकेलमध्ये धुतली, कोरड्या चिंदीने पुसली. शेवटी तेलाचा पुसट हात लागलेली चिंदी पिनेवरून एकदाच फिरवली आणि लगेच दुसऱ्या कोरड्या चिंदीने तोही हात काढून घेतला.

तो शेवटचा हात गंजासाठी होता. पिनेला सरकायला वंगण लागत नाही. ती वर्तुळात फिरत नाही, घासत राहत नाही, एका झेपेत पुढे जाते आणि थांबते. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. कोकणातल्या एखाद्या चौकीत पोलाद अगदी उघडं ठेवलं तर आठवड्याभरात त्यावर तांबूस पूड धरते, आणि गंजलेली पिनही अडकते. तेव्हा दोष तेलात नाही, साचलेल्या तेलात आहे.

.303 रायफलीची मूळ रचना जेम्स पॅरिस ली यांची. जन्म स्कॉटलंडमधला, काम अमेरिकेतलं. त्यांचा बोल्ट आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या कारखान्याची नळी मिळून ली-एनफिल्ड झाली. 1907 मध्ये आलेल्या मार्क 3 ने दोन महायुद्धं पाहिली, आणि बंगालमध्ये हुगळीकाठच्या ईशापूर कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. 1962 च्या युद्धानंतर तिथेच तिचा 7.62 मिलिमीटरचा अवतार घडला. परवानाधारकांसाठीची .315 स्पोर्टिंग रायफलही त्याच घराण्यातली.

ली-एनफिल्डच्या दस्त्यात एक झाकण असतं, आणि आत पुलथ्रू व तेलाची पितळी बाटली. सफाई ही सैनिकाची रोजची गोष्ट आहे हे घडवणारे धरूनच चालले होते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत मिठासारखा क्षार उरतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो. तेलात तो विरघळत नाही. म्हणून गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतायचं, नळी सुकवायची आणि मगच तेल द्यायचं. धुणं, सुकवणं, तेल हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आम्ही पोरं पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारायचो.

पिन काढणं मात्र सैनिकाचं काम नव्हे, आर्मोररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. बोल्टाचं डोकं फिरवून निघतं. मग पुढून एक खास अवजार आत घालून स्प्रिंगेच्या जोराविरुद्ध स्ट्रायकर कॉकिंग पीसमधून उलगडावा लागतो. जोडताना एक आटा कमी-जास्त झाला तर टोक कमी किंवा जास्त बाहेर येतं. कमी आलं तर गोळी उडत नाही, जास्त आलं तर टोपी फुटून गॅस मागे येऊ शकतो. बोल्टावरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच हवा, हेही तिथेच पाहिलं जातं.

सगळ्या हत्यारांना एकच नियम लावता येत नाही. ग्लॉक पिस्तुलाची कंपनी पिनेच्या खोबणीत तेल जाऊच देऊ नका म्हणते. अमेरिकी सैन्याच्या एम-16 च्या पुस्तिकेत मात्र पिनेला हलका हात देण्याची सूचना आहे. ज्या एसकेएस रायफलींत पिन स्प्रिंगेशिवाय मोकळी हलते, तिथला धोका आणखी मोठा. कोठारातलं जाड ग्रीस पूर्ण काढलं नाही तर पिन पुढेच अडकते आणि बोल्ट बंद होताक्षणी, चापाला बोट न लागता, गोळी सुटते. म्हणून हातात जे हत्यार आहे त्याचीच पुस्तिका वाचावी, आणि हत्यार खोलण्याआधी ते रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटांनी दोनदा तपासावं.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांच्या एके-47 समोर आपल्या माणसांच्या हाती जी हत्यारं होती, त्यांत .303 होती. एका गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करायचा आणि मग दुसरी. ती हत्यारं त्या कामाची उरली नव्हती, ती कधीच बदलायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात राग आहे. पण त्या क्षणी चापावर बोट असलेल्या माणसाकडे तीच होती, आणि बोल्टातली पिन शेवटची कोणी व कशी पुसली यावर त्याचा जीव टांगलेला होता. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताकदिनी .303 ला निरोप दिला.

कवायतीसाठी आम्हाला मिळायच्या त्या डीपी रायफली, म्हणजे गोळीबारातून बाद झालेल्या. त्यांच्या पिनेचं टोक घासून टाकलेलं असतं, बोल्टातून काहीच बाहेर येत नाही. शिबिरानंतर उस्तादांनी मला तसलाच एक बोल्ट साफ करायला दिला. मी दोन चिंद्या मागून घेतल्या, एक तेलाची आणि एक कोरडी.