तुटलेला रकाना

एकत्र कुटुंबांत हिशेबाची रक्कम बरोबर असूनहि केवळ पानाच्या मांडणीनें मनें दुखावतात, असें कोणी सांगितलें असतें तर मला पूर्वी तें खरें वाटलें नसतें. गेल्या वर्षीं वडिलोपार्जित आमराईच्या उत्पन्नाचा दहा वर्षांचा अहवाल पुतण्यानें एक्सेलमध्यें तयार केला व त्याची पीडीएफ सर्व घरांस पाठविली. बारा रकान्यांचा तक्ता उभ्या पानावर मावला नाहीं. एक्सेल आधीं खालच्या ओळी संपवितें, मग उजवीकडील रकाने घेतें. त्यामुळें 'वांटा' व 'शिल्लक' हे शेवटचे रकाने तुटून पांचव्या पानापासून पुढें पडले. तेथें ना कोणाचें नांव, ना कसली ओळख. धाकट्या काकूंनीं पहिलींच पानें पाहिलीं, आपला वांटा बुडाला अशी समजूत करून घेतली, आणि दोन महिने त्या कोणाशीं बोलल्या नाहींत.

पडद्यावरील तक्त्यास कांठ नसतो, पीडीएफला असतो. ती एकदां झाली कीं कोणत्याहि यंत्रावर उघडली तरी पान तसेंच राहतें. हा तिचा गुणच. पण म्हणूनच मांडणी आधीं मूळ तक्त्यांत करावी लागते.

आपल्याकडील ए-4 कागद 210 × 297 मिलिमीटर, तर अमेरिकेंतील 'लेटर' सुमारें 216 × 279. यंत्रांत चुकून 'लेटर' राहिलें आहे काय, हें प्रथम 'पेज लेआउट'मध्यें पाहावें. दोहों बाजूंस दोन सेंटिमीटर समास सोडल्यास उभ्या ए-4 वर तक्त्यास 17 सेंटिमीटर रुंदी मिळते, आडव्यावर 25.7. (ताडपत्रामुळें आपल्या पोथ्याहि आडव्याच झाल्या, तेव्हां आडव्या पानाचा संकोच आपण तरी कां धरावा?)

रुंदीपुढें 'एक पान' व उंचीपुढें 'ऑटोमॅटिक' निवडलें म्हणजे सर्व रकाने एका पानाच्या रुंदींत बसतात. मात्र येथें मोह आवरावा. अकरा पॉइंटांचें अक्षर शेंकडा 60 वर आणलें तर तें 6.6 पॉइंटांचें होतें, आणि ऐंशीच्या घरांतील डोळ्यांस तें न लिहिल्यासारखेंच. त्यापेक्षां रकाने कमी करावे. आम्हीं खत, फवारणी व राखणदारी यांचे तीन रकाने काढून टाकले. त्यांची बेरीज 'खर्च' या रकान्यांत होतीच. 'प्रिंट टायटल्स'मध्यें मथळ्याची ओळ नेमून दिली म्हणजे ती प्रत्येक पानाच्या माथ्यावर येते. पान कोठें तुटतें हें 'पेज ब्रेक प्रीव्ह्यू'मध्यें निळ्या रेषांनीं दिसतें. पाठविण्यापूर्वीं तें पाहण्यास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. पुतण्यानें तीं वांचविलीं होतीं.

नवी प्रत छापून मी स्वतःच घेऊन गेलों. काकूंनीं चष्मा लावला, आपल्या नांवावर बोट ठेवून तें हळूहळू शेवटच्या रकान्यापर्यंत नेलें, आंकडा दोनदां वाचला. "हें आधींच असें कां नाहीं रे दिलेंत?" एवढेंच म्हणाल्या आणि चहा ठेवावयास उठल्या.