एअरबॅगचा दिवा काय सांगतो?

मोटार सुरू करण्यासाठी चालक किल्ली फिरवतो, तेव्हा त्याच्या समोरच्या फलकावर अनेक लहान दिवे एकदम लागतात आणि थोड्या वेळाने विझतात. त्यांपैकी एका दिव्यावर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे एक मोठा गोल असे चित्र असते. हा एअरबॅगचा दिवा. काही सेकंदांत तो विझला, की यंत्रणा ठीक आहे असे समजायचे. पण एखाद्या दिवशी तो विझतच नाही. गाडी मात्र नेहमीसारखीच धावते. इंजिन, ब्रेक, हेडलाइट यांत काहीच फरक जाणवत नाही, म्हणून पुष्कळ लोक त्या दिव्याकडे दुर्लक्ष करतात. तो दिवा नेमके काय सांगत असतो आणि त्यामागचा बिघाड कसा हुडकून काढतात, हे आपण पाहू. त्यासाठी शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरेसा आहे.

डोळ्याचे पाते लवण्याच्या आत

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, पडलेली वस्तू जवळजवळ याच वेगाने जमिनीवर आदळते. या वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आपटली, तर सुमारे एकदशांश सेकंदात थांबते. आतील माणूस मात्र जडत्वामुळे पुढेच जात राहतो. सीटबेल्ट त्याचे धड धरून ठेवतो, पण डोके पुढे फेकले जाते. त्या डोक्याला स्टिअरिंगवर आपटू न देणे हे एअरबॅगचे काम. म्हणूनच ती सीटबेल्टची जोडीदार आहे, त्याची बदली नव्हे.

गाडीचे मंदन एकदम वाढले, की संवेदकाला ते कळते. गाडीतील नियंत्रक पेटी क्षणार्धात निर्णय घेऊन पिशवीच्या प्रज्वलकात विद्युत्प्रवाह सोडते. प्रज्वलकातील बारीक तार तापते, तिच्याभोवतीचे रसायन पेटते आणि निर्माण झालेल्या वायूने पिशवी फुगते. हे सर्व साधारणपणे ३० ते ४० सहस्रांश सेकंदांत उरकते. जॉन हेट्रिक या अमेरिकी गृहस्थांना अशा पिशवीचे पेटंट १९५३ साली मिळाले होते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली.

न पेटवता परीक्षा कशी घ्यायची?

आता खरी अडचण पाहा. काडेपेटीतील काडी पेटेल की नाही, हे ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि ओढली, की ती संपली. एअरबॅगचेही तसेच आहे. ती आयुष्यात एकदाच फुगते. मग दहा वर्षे गुंडाळून ठेवलेली पिशवी अपघाताच्या क्षणी दगा देणार नाही, याची खात्री कशी करायची?

अभियंत्यांनी यावर सोपी युक्ती काढली. प्रज्वलकाच्या तारेचा रोध साधारणपणे २ ओहम असतो. ती पेटवण्यासाठी सुमारे १.२ अँपिअर प्रवाह २ सहस्रांश सेकंद वाहावा लागतो. नियंत्रक पेटी गाडी चालू असताना वारंवार याच तारेतून अगदी क्षीण प्रवाह सोडून पाहते. समजा, हा प्रवाह ४० मिलिअँपिअर आहे. पेटवणारा प्रवाह त्याच्या ३० पट झाला. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून परीक्षेच्या वेळी दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता पेटवण्याच्या वेळेच्या नऊशेव्या हिश्शाएवढीच असते! तार जेमतेम कोमट होते. रसायन पेटत नाही.

आता ओहमचा नियम लावा. ०.०४ अँपिअर गुणिले २ ओहम म्हणजे ०.०८ व्होल्ट, अर्थात ८० मिलिव्होल्ट. एवढे विभवांतर मिळाले, तर मंडल शाबूत आहे. जोडणी गंजून रोध ४ ओहम झाला, तर विभवांतर १६० मिलिव्होल्ट होईल. दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर ते शून्याजवळ येईल. तार तुटली, तर प्रवाहच वाहणार नाही. यांपैकी काहीही आढळले, की पेटी त्या दोषाचा सांकेतिक क्रमांक आपल्या स्मृतीत नोंदवते आणि दिवा लावते.

चोर कुठे लपतो?

तारा बहुतेक ठिकाणी जागच्या जागी असतात. त्यामुळे जिथे हालचाल आहे, तिथे आधी संशय घ्यावा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना अनेक वळसे फिरते, पण त्याच्या मध्यभागी असलेल्या एअरबॅगला वीज तर अखंड पोचली पाहिजे. म्हणून तिथे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी बसवलेली असते. तिला कारागीर ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. वर्षानुवर्षे उलगडून-गुंडाळून तिच्यातील वाहक तुटतो. बऱ्याच गाड्यांत हॉर्नची वीजही याच पट्टीतून जाते. तेव्हा दिवा लागला आणि हॉर्नही मुका झाला, किंवा स्टिअरिंग वळवताना दिवा लागू-विझू लागला, तर या पट्टीवर संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरी जागा पुढच्या आसनांखाली. सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या किंवा आसनातील बाजूच्या एअरबॅगच्या जोडण्या तिथे असतात. आसन मागेपुढे सरकवताना किंवा खाली सामान कोंबताना त्या ओढल्या जातात. बॅटरी फार उतरली किंवा गाडीत पाणी शिरले, तरी दिवा लागू शकतो.

निदानाची रीत

कारागीर प्रथम वाचक यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचतो. इंजिनाचे दोष वाचणाऱ्या स्वस्त यंत्रांना एअरबॅगचे क्रमांक पुष्कळदा वाचता येत नाहीत. शिवाय क्रमांक कळला, तरी ‘चालकाच्या बाजूच्या मंडलाचा रोध जास्त’ एवढेच समजते. दोष पिशवीत, पट्टीत की जोडणीत, हे शोधायचे राहतेच. यासाठी पिशवी काढून तिच्या जागी २ ओहमचा साधा रोधक जोडतात. दोष नाहीसा झाला, तर तो पिशवीकडे होता. तसाच राहिला, तर तारांकडे. मग रोधक एकेक जोडणी मागे सरकवत जायचे. दोष ज्या दोन जागांमध्ये सापडेल, तिथेच तो आहे. नुसता क्रमांक पुसून दिवा विझवला, तर खरा दोष पुढच्या परीक्षेत पुन्हा पकडला जातो.

हे काम प्रशिक्षित कारागिराचेच, आणि त्याचे कारणही भौतिकीतच आहे. अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी, म्हणून नियंत्रक पेटीत धारित्र असते. बॅटरी काढल्यावरही त्यात काही वेळ प्रभार टिकतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली काही मिनिटे थांबल्याशिवाय या तारांना हात लावत नाहीत. या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात. पिशवीला साधा मीटर तर कधीच लावू नये. वरचे गणित करून पाहा: १.२ अँपिअर, २ ओहम आणि २ सहस्रांश सेकंद. म्हणजे अवघी ६ मिलिज्यूलपेक्षाही कमी ऊर्जा पिशवी उडवायला पुरते!

दिवा न लागणे हाही दोष

दिवा लागलेला राहिला, तर अपघातात पिशवी फुगेलच असा भरवसा धरता येत नाही. पण किल्ली फिरवल्यावर दिवा मुळीच लागला नाही, तर ते जास्त धोक्याचे. दिवा किंवा त्याचे मंडल बिघडले असेल, किंवा दोष लपवण्यासाठी कुणी तो मुद्दाम बंद केला असेल. जुनी गाडी घेताना हे अवश्य पाहावे: दिवा लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे.

आणि विझलेला दिवाही सारे सांगत नाही. तो फक्त विजेची वाट तपासतो. रसायनाची प्रकृती त्याला कळत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या पुष्कळ एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्णतेने व दमटपणाने बिघडले. त्या स्फोट होऊन माणसे दगावली आणि जगभरातून कोट्यवधी एअरबॅग बदलण्यासाठी परत मागवाव्या लागल्या. दिव्याला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून कंपनीची अशी सूचना आली, तर दिवा विझलेला असला तरी गाडी घेऊन जायला हवे.

करून पाहा

१.५ व्होल्टचा सेल, १०० ओहमचा रोधक, विजेरीचा छोटा बल्ब आणि मिलिअँमीटर एकसरीत जोडा. बल्ब पेटणार नाही, पण मीटर सुमारे १५ मिलिअँपिअर दाखवील. म्हणजे बल्ब न पेटवता त्याची तार शाबूत असल्याचे कळले. बल्ब सैल करा. काटा शून्यावर येईल. आता बल्ब घट्ट बसवून त्याची दोन्ही टोके तारेने जोडा. मीटरच्या वाचनात फारसा फरक पडणार नाही. मग हा दोष ओळखायचा, तर काय मोजावे लागेल आणि कुठे? वर्गात प्रयोग करून उत्तर शोधा.