फवारणीचं विष नसांवर कसं चढतं

मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद या बुलढाण्याच्या कपाशीच्या पट्ट्यात भादव्यात पऱ्हाटी छातीला लागते. फवारणारा त्यातून चालतो तेव्हा औषध तोंडावर, हातांवर उडतं, ओला सदरा दिवसभर पाठीला चिकटून राहतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं कातडीतूनही शरीरात शिरतात आणि मज्जासंस्थेवर घाला घालतात.

चेतापेशी आणि स्नायू यांच्यात सूक्ष्म फट असते. निरोप आला की पेशी त्या फटीत असिटिलकोलीन सोडते, स्नायू आखडतो, आणि एक एन्झाइम ते रसायन लगेच तोडून टाकतं. ही औषधं नेमकं ते एन्झाइम निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात आणि अखेर लुळे पडतात. श्वासाचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत. विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

चक्कर आली की ऊन लागलं असं समजून माणसाला झाडाखाली निजवतात. हे फार घातक आहे. भिजलेले कपडे आधी काढा, साबणानं अंग धुवा आणि तडक दवाखाना गाठा. औषधाचा डबा सोबत न्याच. कोणतं विष आहे हे कळलं, तर डॉक्टरांना अॅट्रोपिनसारखा उतारा वेळेत सुरू करता येतो.