सामाईक मॉडेलचा ताबा कोणाकडे?

इमारतींचे आराखडे ज्या कचेऱ्यांत तयार होतात, तेथे ‘रेव्हिट’ या संगणकप्रणालीचा अंमल बसून आता पुष्कळ वर्षे लोटली. सन 2000 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली आणि 2002 मध्ये ऑटोडेस्क कंपनीने 13 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतलेली ही प्रणाली मुंबई-पुण्याच्या वास्तुविशारदांच्या चांगल्या परिचयाची आहे, आणि परदेशी इमारतींची कामे येथे बसून करणारी मंडळी तर दिवसचे दिवस तिच्यातच काढतात. परंतु एका इमारतीच्या मॉडेलवर अनेकांनी मिळून काम करण्याची जी व्यवस्था तिने सिद्ध केली आहे, तिच्याविषयीच्या समजुती मात्र अद्याप ऑटोकॅड या आधीच्या आरेखन-प्रणालीच्या काळातल्याच राहिल्या आहेत. ऑटोकॅडमध्ये एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याला सामान्यतः केवळ वाचावयास मिळत असे. तो निर्बंध उठलेला पाहताच सर्वच निर्बंध उठले, असा ग्रह लोकांनी करून घेतला.

या ग्रहाचे पहिले अपत्य म्हणजे, सर्वजण एकाच फायलीत एकाच वेळी रेखाटन करीत असतात, हा समज. वस्तुतः सेंट्रल मॉडेल हे तालुक्याच्या कचेरीतील मूळ दप्तरासारखे असते: त्यात थेट कोणी लिहावयाचे नाही, प्रत्येकाने आपापल्या संगणकावर त्याची नक्कल, म्हणजे लोकल फाइल, घ्यावयाची, फेरफार तिच्यात करावयाचे आणि ‘सिंक’ करून ते मूळ दप्तरी दाखल करावयाचे. एकाचे सिंक चालू असता दुसऱ्याला थांबावे लागते. ‘मी तर दुपारीच सेव्ह केले होते’ ही तक्रार ज्या कार्यालयात ऐकू येत नाही असे कार्यालय विरळा. परंतु सेव्ह केल्याने काम केवळ स्वतःच्या नकलेत जाते, सहकाऱ्यांना त्यातली एक रेषही दिसत नाही.

याहून सूक्ष्म, आणि म्हणून अधिक उपद्रवी, प्रकरण ताब्याचे आहे. आपण एखादी भिंत हलविली की त्याच क्षणी, न मागता व न कळत, ती भिंत आपल्या नावे उसनी घेतल्याची नोंद सेंट्रलकडे होते आणि आपण ती मोकळी करीपर्यंत इतर कोणास तिच्यात बदल करता येत नाही. दुसऱ्याने तिला हात लावताच आपल्या नावासकट नकार त्याच्या पडद्यावर येतो. त्यावर त्याने विनंती धाडावी, आणि आपण त्या भिंतीत अद्याप काही बदलले नसेल तर तत्काळ, बदलले असेल तर सिंक केल्यानंतर, तिचा ताबा सोडावा, असा रिवाज आहे. पुष्कळांना वाटते की ताबा सुटला म्हणजे प्रश्न मिटला. तसे नाही. आपली बदललेली भिंत सेंट्रलमध्ये पोहोचली, तरी त्याच्या नकलेत जुनीच भिंत उभी असते, आणि ‘रीलोड लेटेस्ट’ करून नवी स्थिती उतरवून घेतल्यावाचून प्रणाली त्याला पुढे जाऊ देत नाही. हा नियम नवख्याला जाचक वाटतो. माझ्या मते मात्र साऱ्या व्यवस्थेचे शहाणपण याच नियमात साठविले आहे, कारण शिळ्या माहितीवर नवे काम रचण्याचा मार्ग तो मुळातच बंद करतो.

वर्कसेट, म्हणजे मॉडेलमधील घटकांचे गट, यांविषयी थोडक्यात सांगता येईल. वर्कसेट म्हणजे ऑटोकॅडचे लेयर नव्हेत आणि माणसागणिक वाटून द्यावयाच्या जहागिरीही नव्हेत. एखाद्याने सबंध वर्कसेट आपल्या ताब्यात घेतला तर त्यातील प्रत्येक घटक इतरांना बंद होतो, आणि दरवाजाची एक चौकट बदलण्यासाठीही त्याची मनधरणी करावी लागते. म्हणून दैनंदिन कामात घटकापुरती उसनवारीच पुरेशी होय. अवजड मॉडेलचा नको तो भाग न उघडता काम हलके करणे, हा वर्कसेटचा खरा उपयोग.

आता मेघसंचयाचा, म्हणजे क्लाउडचा, मोह. सेंट्रल फाइल ड्रॉपबॉक्ससारख्या सेवेच्या फोल्डरात ठेवली की घरबसल्या सहकार्य साधते, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की अशी सेवा फाइल ओळखते, भिंत ओळखत नाही. दोन संगणकांवर दोन फेरफार झाले की ती दोन फायली करून मोकळी होते, आणि कोणता घटक कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद ज्या बॅकअप फोल्डरात राहते त्याचाही मेळ बिघडतो. ऑटोडेस्कची स्वतःची क्लाउड-व्यवस्था निराळी आहे, ती घटकांचा ताबा जाणते. परंतु तेथेही प्रत्येकाच्या संगणकावर नक्कल असतेच, सिंक स्वतः करावेच लागते, आणि पुण्यातला माणूस काय रेखाटतो आहे हे लंडनच्या सहकाऱ्याला त्याच क्षणी दिसत नाही.

राहता राहिला ताबा न सोडता रजेवर गेलेला इसम. त्याच्या संगणकावरील लोकल फाइल पुसून टाकली की घटक आपोआप मोकळे होतात, हा समज सर्वांत महागात पडतो. ताब्याची नोंद सेंट्रलकडे व्यक्तीच्या वापरनामावर असते, फायलीवर नव्हे. ती फाइल पुसल्याने सिंक न झालेले काम तेवढे नष्ट होते आणि ताबा जागच्या जागी राहतो. तो सोडविण्यासाठी त्याच नावाने नवी नक्कल उघडून घटक रीतसर परत करावे लागतात. हेच कारण की दोन संगणकांवर एकच वापरनाम ठेवणे घातक ठरते: प्रणाली दोघांना एकच मनुष्य समजते, आणि एकाने घेतलेली भिंत दुसऱ्यालाही आपलीच वाटू लागते.