हिऱ्यातील रंगकेंद्रे व एकल फोटॉन उत्सर्जन

हिऱ्यातील कार्बन अणूंच्या नियमित मांडणीत परका अणू व रिकामे स्थान यांमुळे निर्माण झालेल्या आणि प्रकाशाचे शोषण व उत्सर्जन करणाऱ्या दोषास रंगकेंद्र म्हणतात. असे एकटे केंद्र उत्तेजित केल्यास त्यातून एका वेळी एकच फोटॉन (प्रकाशकण) बाहेर पडतो.

लेसरचा झोत कितीही मंद केला, तरी स्पंदातील फोटॉनांची संख्या निश्चित होत नाही. सरासरी ०.१ फोटॉन ठेवल्यास सु. ९० टक्के स्पंद रिकामे जातात आणि उरलेल्यांपैकी सु. ५ टक्के स्पंदांत एकाहून अधिक फोटॉन असतात. पुंज संकेतलेखनात हे जादा फोटॉन चोरून गुप्त किल्ली मिळविण्याचा धोका असतो. त्यावर अन्य उपाय आहेत. तथापि एकल फोटॉनाचा उद्गम हा मूळ उपाय होय.

सर्वाधिक अभ्यासलेल्या नायट्रोजन-रिक्तता केंद्रात एका कार्बन अणूच्या जागी नायट्रोजन अणू असून लगतचे स्थान रिकामे असते. हिरव्या प्रकाशाने उत्तेजित झालेले हे केंद्र सरासरी सु. १२ नॅनोसेकंदांत तांबडा फोटॉन देऊन मूळ अवस्थेत येते. पुन्हा उत्तेजित होईपर्यंत ते दुसरा फोटॉन देऊ शकत नाही. अर्धपारदर्शक आरशाच्या दोन बाजूंस ठेवलेल्या अभिज्ञातकांत एकाच क्षणी नोंद होत नाही, यावरून हे पडताळता येते. सामान्य तापमानास अशी पडताळणी २००० मध्ये म्यूनिक व ऑर्से येथे झाली.

हिऱ्याचा प्रणमनांक सु. २.४ असल्याने पृष्ठभागाच्या लंबाशी सु. २४.५° पेक्षा अधिक कोन करणारे किरण आतच परावर्तित होतात. जवाहिऱ्याच्या हिऱ्याला चमक देणारा गुण येथे अडचण ठरतो. पृष्ठभागावर सूक्ष्म अर्धगोल भिंग वा स्तंभ कोरून ती कमी करतात. दुसरी अडचण अधिक बिकट आहे. स्फटिकातील अणूंच्या कंपनांमुळे फोटॉनांची ऊर्जा विखुरते व ६३७ नॅनोमीटरच्या शुद्ध रेषेत त्यांपैकी सु. ३ ते ४ टक्केच येतात. दूरची दोन केंद्रे जोडण्यास मात्र तंतोतंत सारखे फोटॉन लागतात. डेल्फ्ट येथे २०१५ मध्ये सु. १.३ किमी. अंतरावरील, अतिशीत ठेवलेल्या दोन केंद्रांतील इलेक्ट्रॉनांच्या पुंज अवस्था एकमेकींत गुंतविण्यात आल्या, पण २२० तासांत यश लाभले ते केवळ २४५ वेळा.

सिलिकॉन-रिक्तता केंद्राचा सु. ७० टक्के प्रकाश ७३८ नॅनोमीटरच्या आसपासच्या शुद्ध रेषांत येतो. परंतु त्याच्या इलेक्ट्रॉनाची पुंज अवस्था दीर्घकाळ टिकण्यास सामान्यतः १ केल्व्हिनहूनही बरेच कमी तापमान लागते.