उघड्या टपाची गाडी : एक केस पेपर

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा माझ्याकडून लसीकरण, बालदमा किंवा परीक्षेच्या दिवसांतील पोटदुखी यांपैकी एखाद्या विषयाची अपेक्षा असावी. गेली अनेक वर्षे मी त्याच विषयांवर लिहीत आलो आणि वाचकांनी ते सोशिकपणे वाचले. यंदा मात्र माझ्यापुढे एक निराळाच रुग्ण आला. वय बारा वर्षे, वजन सुमारे दीड हजार किलो, रंग गडद निळा. रुग्णाला बोलता येत नव्हते. पण त्याची आम्हा बालरोगतज्ज्ञांना सवय असते.

झाले असे की, आपल्यातील एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक गेल्या वर्षी निवर्तले. जन्मभर काटकसरीने राहिलेल्या या माणसाने उतारवयात एकच चैन केली. २०१३ साली त्यांनी जर्मन बनावटीची, दोनच आसनांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार घेतली. पहाटे इंदूर रस्त्याने एक फेरी मारून ते आठच्या ठोक्याला ओ.पी.डी.त हजर असत. त्यांच्या मागे ती गाडी अकरा महिने अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी होती. एके दिवशी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, एक दलाल अकरा लाख देतो म्हणतो. द्यावी की नाही, मला काहीच कळत नाही. तुम्ही एकदा पाहाल का?" त्याच आठवड्यात आपल्यातलाच एक तरुण अस्थिरोगतज्ज्ञ मला भेटला. तो वीस लाख द्यायला तयार होता. "सर, तुम्ही फक्त हो म्हणा," एवढेच त्याचे म्हणणे.

विकणारी व्यक्ती आणि घेणारी व्यक्ती, दोघांचाही विश्वास एकाच माणसावर! मी मोटारतज्ज्ञ नव्हे. परंतु रुग्ण तपासण्याची जी शिस्त आपल्याला शिकवली गेली, ती इथेही उपयोगी पडेल असे वाटले. फ्रीगंजमधला माझा नेहमीचा मिस्त्री सोबत घेतला, वही घेतली आणि केस पेपर काढला.

थोडी पूर्वपीठिका

उघड्या टपाच्या गाडीचे वेड माळव्याला नवे नाही. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडीवर इंग्लंडच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून उघडी बॉडी चढवून घेतली होती. मोटारींच्या इतिहासात ती गाडी आजही नावाजली जाते. आपल्या वैद्यक परिवाराचाही या विषयाशी संबंध आहे. धातूचा कडक टप यंत्राने दुमडून डिकीत नेण्याची युक्ती प्यूजोच्या गाड्यांत प्रत्यक्षात आणणारे जॉर्ज पोलँ हे व्यवसायाने दंतवैद्य होते! पुढे नाझींविरुद्धच्या गुप्त लढ्यात भाग घेतल्याबद्दल १९४२ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची कल्पना १९९६ साली मर्सिडीझच्या एस.एल.के.ने पुन्हा लोकप्रिय केली. बी.एम.डब्ल्यू.च्या झेड-४ मध्येही २००९ पासून तसाच धातूचा टप आला. तो सुमारे वीस सेकंदांत उघडे. पुढच्या पिढीत मात्र त्याच कंपनीने पुन्हा कापडी टप स्वीकारला. वजन कमी, यंत्रणा सुटसुटीत आणि उघडायला दहा सेकंद पुरे.

इतिहास

बाळाच्या बाबतीत आईचे शब्द आणि बाळाचे कार्ड, हे दोन साक्षीदार असतात. गाडीच्या बाबतीत मालकाचे शब्द आणि सर्व्हिसची नोंदवही. डॉक्टरसाहेबांची वही नीटनेटकी होती. गाडी फक्त २१,४०० किलोमीटर चालली होती. तरुण मित्र हरखून गेला. मला मात्र या आकड्याने सावध केले. कमी चाललेली गाडी म्हणजे निरोगी गाडी, असे समीकरण नाही. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे सांधे जसे आखडतात, तसे उभ्या गाडीचे रबर कडक होते, बॅटरी मरते, टाकीतले पेट्रोल खराब होते. ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे लागते, गाडी चालो वा न चालो. इंधनाचाही प्रश्न असतो. एप्रिल २०२३ पूर्वीच्या पुष्कळ गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या नव्हत्या. त्यामुळे आपल्या गाडीला काय चालते, हे पुस्तिकेत आणि टाकीच्या झाकणावर पाहून घ्यावे.

आकडा खरा की फिरवलेला, हे पाहण्याचाही मार्ग आहे. ब्रेकच्या पेडलवरचे रबर, स्टिअरिंगचे कातडे आणि चालकाच्या सीटची दाराकडील कड हे तीन अवयव खोटे बोलत नाहीत. ते गुळगुळीत झिजलेले आणि मीटर वीस हजारांचे, असे दिसले तर संशय घ्यावा. इथे तिन्ही अवयव वहीशी जुळले.

दर्शन व स्पर्श

गाडी नेहमी दिवसाउजेडी, कोरडी आणि सावलीत पाहावी. ओल्या गाडीवर सगळे रंग सारखे दिसतात. दार, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना समान हव्यात. पत्र्यावरील रंगाची जाडी मोजण्याचे लहानसे उपकरण मिळते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा त्याच्या दुपटीवर गेला तर पुन्हा रंगकाम झाले आहे आणि हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी भरली आहे, असे समजावे. आमच्या रुग्णाच्या मागच्या एका कोपऱ्यात २६० आला. वहिनींना आठवले, फाटकाला घासली होती. ओरखडा होता, अपघात नव्हे. ही नोंदही वहीत केली.

गाडी पुरात बुडालेली आहे का, हे पाहायला सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. गालिचा उचलून सीटखालचे लोखंड पाहावे. वास घ्यावा. तीव्र अत्तराचा घमघमाट आला तर तो कशासाठी मारला, असे विचारावे.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर ३६१८ होते, म्हणजे २०१८ चा छत्तिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबराला बारीक भेगा. अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते, हवा गेल्यावरही काही अंतर चालतील असे खास टायर असतात. ते महाग येतात.

श्रवण

इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐकायचे, हा नियम. गाडी आधीच गरम करून ठेवलेली आढळली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. दाखवायला आणण्यापूर्वी पॅरासिटामॉल दिलेल्या मुलाचा ताप आपल्याला जसा सापडत नाही, तसेच हे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. नवी बॅटरी जोडून इंजिन सुरू केले. आवाज स्वच्छ, धूर नाही. मिस्त्री म्हणाला, "छाती साफ आहे, डॉक्टरसाहेब."

मुख्य अवयव

टपाची परीक्षा एकदा करून भागत नाही, सलग तीनदा करावी आणि घड्याळ लावावे. पहिल्यांदा टप बावीस सेकंदांत उघडला. दुसऱ्यांदा अर्ध्यात अडकला. डिकीतला गालिचा उचलला तर खाली ओल. टपावरचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडे कडुनिंबाच्या पानांनी बुजली होती. पाणी डिकीत उतरले होते आणि टप हलवणारा हायड्रॉलिक पंप नेमका तिथेच बसवलेला. यात कुणाचाच दोष नव्हता. सावलीसाठी झाडाखाली ठेवलेली गाडी झाडानेच आजारी पाडली. उन्हात ठेवावी तर कर्कवृत्त आपल्या गावाजवळून जाते, जूनमध्ये सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर येतो आणि टपाच्या कडेचे रबर तडकते. ही गाडी बंद गॅरेजचीच. ज्याच्याकडे ते नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

प्रयोगशाळा

डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की गाडीच्या संगणकातले दोष वाचता येतात. इथे एक खुबी लक्षात ठेवावी. "एकही दोष नाही" हा अहवाल नेहमीच शुभ नसतो. दोष नुकतेच पुसले असतील तर काही स्वयंतपासण्या अपूर्ण दिसतात. आमच्या अहवालात एक दोष स्पष्ट होता, एअरबॅगचा. गाडीची किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो, हे निरोगी लक्षण. आमचा विझत नव्हता. शेजारच्या सीटवर कोणी बसले आहे का, हे ओळखणारा सेन्सर बिघडला होता.

तरुण मित्र म्हणाला, "सर, एक दिवाच तर आहे. बाकी गाडी फर्स्ट क्लास."

इथे माझ्यातला बालरोगतज्ज्ञ बोलू लागला. त्याला चार वर्षांची मुलगी आहे. दोन आसनांच्या गाडीत मागची सीट नसते. मूल पुढे बसणार किंवा आईच्या मांडीवर. एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याआधी, ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने फुगते. ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी घडवलेली असते, तिच्या वाटेत चिमुकल्याचे डोके येते. म्हणूनच तेरा वर्षांखालील मुलांनी मागेच बसावे, असे आम्ही सांगतो. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नसते. मांडीवर घेणे हाही उपाय नव्हे. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी आदळली तर बाळाचे वजन क्षणभर वीस-तीसपट होते, कोणत्याही आईचे हात ते धरू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४-ब मुलांना पट्टा वा बालआसन सक्तीचे करते. पण इथे प्रश्न हजार रुपयांच्या दंडाचा नाहीच.

जुन्या गाडीच्या एअरबॅगबाबत आणखी एक चौकशी करावी. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांमधील रसायन उष्णता व दमटपणाने बिघडते, असे आढळल्यावर जगभरातून कोट्यवधी एअरबॅगा परत मागवल्या गेल्या. त्यात अनेक नामांकित कंपन्यांच्या गाड्या होत्या. चेसिस क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याकडे विचारले की उत्तर मिळते. आमच्या गाडीवर असे काही प्रलंबित नव्हते.

कागद

सर्वांत गंभीर आजार गाडीत नव्हताच, तो कपाटात होता. आर.सी. अजून दिवंगत मित्राच्याच नावावर आणि विमा संपलेला. नियम असा : मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावे करून घ्यावी. त्यानंतरच विक्री, म्हणजे फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवायला फॉर्म ३५. गाडी परराज्यातली असेल तर तिथली एन.ओ.सी., फॉर्म २८. घेणाऱ्याने विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करायला अर्ज द्यावा. "नुसती सही द्या, नाव आम्ही नंतर बदलू" असे दलाल म्हणत होता. ते कधीही ऐकू नये. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. सही देऊन मोकळ्या झालेल्या वहिनी उद्या कुणाच्या तरी अपघाताचे उत्तर देत बसल्या असत्या.

निदान आणि मूल्य

आता हिशेब. तशाच वयाच्या, सुस्थितीतल्या गाड्यांना साडेवीस लाखांच्या आसपास मागणी दिसत होती. टायर एक लाख दहा हजार, टपाची दुरुस्ती एक लाख ऐंशी हजार, एअरबॅगचे काम सत्तर हजार, बॅटरी, तेले व किरकोळ साठ हजार. एकूण चार लाख वीस हजार. वजा जाता सोळा लाख तीस हजार. घेणाऱ्याने आणखी एक तुलना करावी. आपल्या उज्जैनच्या विक्रमोत्सव व्यापार मेळ्यात २०२४ आणि २०२५ साली नव्या गाड्यांच्या मोटार करात ५० टक्के सूट मिळाली होती. अशी सूट मिळते तेव्हा नवी गाडी लाखोंनी स्वस्त पडते, मग जुन्या गाडीचा हट्ट धरण्यात अर्थ राहत नाही.

मी दोघांना एकाच दिवशी, एकाच खोलीत, तीच वही वाचून दाखवली. वहिनींना सांगितले, अकरा लाख ही लूट आहे. तरुण मित्राला सांगितले, वीस लाख हे वेड आहे आणि सोळा लाखांतही ही गाडी तुझ्यासाठी नाही, निदान मुलगी मोठी होईपर्यंत नाही. तो नाराज झाला. दोन-तीन आठवडे फोन केला नाही. मग एके दिवशी मुलीला लस द्यायला घेऊन आला आणि म्हणाला, चार दारांची घेतली. मागे बालआसन लावले आहे.

वहिनींनी आधी गाडी स्वतःच्या नावावर केली. पुढे ती इंदूरच्या एका प्रौढ गृहस्थांनी सोळा लाखांना घेतली. मुले परदेशी, घरी बंद गॅरेज. वहिनींनी दोषांची पूर्ण यादी लिहून त्यावर त्यांची सही घेतली. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "यांनी कधी रोग्याला खोटं सांगितलं नाही. गाडीही खरं सांगूनच गेली."

२०२१ पासून आर.सी.वर नॉमिनीचे नाव नोंदवता येते. त्याने वारसाची धावपळ पुष्कळ कमी होते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी माझी स्वतःची आर.सी. काढून पाहिली. नॉमिनीचा रकाना रिकामा होता. दुसऱ्याच दिवशी सौ.चे नाव घालण्यासाठी अर्ज केला. वाचकहो, आपल्यापैकी स्पोर्ट्स कार फारच थोडे घेतील; पण आर.सी. प्रत्येकाच्या कपाटात आहे. स्मरणिका मिटण्यापूर्वी ती एकदा काढून पाहावी, एवढीच विनंती.