साक्षीदार दाराबाहेर का?

बालमित्रांनो, अंधेरी, बोरिवली किंवा मुलुंडच्या कोर्टात एक गंमत दिसते. कोर्ट सर्वांना खुले असते. पण ज्याने घटना डोळ्यांनी पाहिली, तो साक्षीदार मात्र बाहेर व्हरांड्यात! शिपायाने नावाचा पुकारा केला, की मगच त्याने आत यायचे.

असे का बरे? घरी करून पाहा. दोघा भावंडांना एकत्र विचारा, "काल आलेल्या काकांचा शर्ट कोणत्या रंगाचा होता?" एक "निळा" म्हणाला, की दुसराही पुष्कळदा म्हणतो, "हो हो, निळाच!" तो काही खोटारडा नसतो. ऐकलेले आणि पाहिलेले मनात मिसळून जाते, इतकेच.

कोर्टात तर कुणाच्या तरी तुरुंगवासाचा प्रश्न असतो! भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३६६ प्रमाणे न्यायाधीश एखाद्याला बाहेर थांबायला सांगू शकतात. आरोपी मात्र आतच असतो. आपल्याविरुद्ध कोण काय सांगतो, हे त्याला ऐकायला मिळालेच पाहिजे ना!

पालकहो, मुलांच्या भांडणाचा निवाडा करताना तुम्हीही प्रत्येकाला वेगवेगळे विचारा. आणि ज्याच्यावर आळ आहे, त्याचेही ऐकून घ्या बरं का!